साठ पौंडांचा लीडर

इनासकाका देवळालीला गेले, मुलीकडे,
तेव्हा त्यांचा डबा माझ्याकडे आला.
निळा, प्लास्टिकचा, एक कडी तुटलेली,
आत बावीस लूर, कुठल्या कुठल्या रिळांचे सुटे दात,
आणि अर्धं लिंबू, वाळून खडा झालेलं.
प्रत्येक लूरच्या पोटावर ओरखडे.
हा ऐरोलीचा, म्हणाले, हा मनोरीचा,
आणि हा, ज्याचा एक डोळा गेलाय,
हा कुणी फोडला ते विचारू नकोस.

आम्ही चौघं होतो होडीत.
होडीचं नाव सुलभा.
सुलभा कोण, ते तिघांनीही कधी सांगितलं नाही,
मी तर सगळ्यांत शेवटी आलेली.
मुनाफ भायखळ्याला घड्याळं दुरुस्त करतो,
रीळ उघडताना त्याचा श्वास बदलतो.
ठोसर पतपेढीतले; त्यांच्या वहीत
वेळ, पाणी, वारा कुठून, आणि शेवटच्या रकान्यात
बहुतेक दिवस शून्य,
पण तेही नीट, गोल काढलेलं.
मी शीवच्या एका दवाखान्यात एक्स-रे काढते.
रात्रपाळी सुटली की ट्रॉम्बेच्या जेट्टीवर.

जिताडा शिकवायचे काका, तो असा:
उधाणाला पाणी गढूळ, तेव्हा झोप काढ.
भांगाला ये.
पाणी वळायच्या आधी खाडी जरा थांबते, तूही थांब.
गाठ थुंकीनं ओली कर, मग ओढ.
कोरडी ओढलीस तर दोर आतून जळतो
आणि वरून काही दिसत नाही.
तो उडाला की रॉड खाली घाल,
मोठ्या माणसापुढं वाकतात तशी वाक,
ताठ राहिलीस की गेला.
गालफडाला पातं असतं त्याच्या, बोट घालायचं नाही.
घरी गेल्यावर आधी रीळ धू, मग स्वतःला.

जागा मात्र कधीच नाही.
कुठं लागला, काका?
तिकडं.
आणि हात असा फिरवायचे
की ट्रॉम्बेपासून उरणपर्यंतचं सगळं पाणी त्यात यावं.

डबा दिला त्या दिवशी टॅक्सी खाली उभी,
मुलगी तिसऱ्यांदा हाका मारत होती,
तेव्हा माझ्या कानाशी येऊन म्हणाले:
जुन्या पुलाचा मोडका खांब.
पूर्वेची बाजू. जिथं पाणी उलटं फिरतं.
एवढंच. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी.

गेलो आम्ही. सहा भांग गेले.
पंधराचं इंजिन खोकत खोकत न्यायचं,
नांगर गाळात, डास कानात,
मुनाफ डुलक्या घ्यायचा, ठोसरांच्या शून्यांनी पान उलटलं.
एकदा शिंगाळा आला, वीतभर,
त्यानंही काटा मारला.
वाटलं, काकांनी जाता जाता थाप मारली.
मग वाटलं, जागा खरी असेल, मासा उरला नसेल.
तिसरंही एक वाटलं,
ते होडीत कुणाशी बोलले नाही.

रविवारी फोन आला.
मागे कुकरची शिट्टी, कुणाचा तरी टीव्ही,
पाण्याचा आवाज कुठंच नाही.
लागला का?
मी म्हटलं, लागला.
किती?
साडेचार किलो.
उडाला?
तीनदा.
पलीकडे सगळं थांबलं,
खाडी वळताना थांबते तेवढं.
लीडर कितीचा होता?
चाळीस पौंडांचा.
छट्, म्हणाले, त्या खांबाला कालवं आहेत,
चाळीसचा पहिल्या झटक्यातच कापला जातो.
पोरी, थाप मारायचीच
तर साठचा सांग.

मग घसा खाकरला, कुणाला तरी टीव्ही बारीक करायला लावला,
आणि म्हणाले,
हं. तिसऱ्या उडीला कसा दिसला?