दोनशे तेवीस

ग्रामसेवकाच्या गोठ्यात सात वर्षं
कोंबड्या अंडी घालत होत्या तिच्या पायदानावर.
अठराशेला आणली. विजय सुपर, दीडशे सीसी,
कागदावर निळी.
वनमाला म्हणाली, "अंडे बी मोजून घेतले का?"

दिवसा मी लोकांच्या जळालेल्या मोटारी बांधतो,
विहिरीतून ओढून आणलेल्या,
गाळाच्या आणि करपल्या वार्निशाच्या वासाच्या.
तांब्याचे वेढे मोजतो : बेचाळीस, त्रेचाळीस.
रात्री आठला लाइन जाते,
मग बॅटरीच्या एका बल्बात ती माझी.

सिलिंडर मांडीवर घेऊन एसटीनं पुलगावला गेलो.
पांढऱ्या फडक्यात होता, म्हणून कंडक्टरनं
हळूच विचारलं, पूजेचं आहे का.
रहमतुल्ला खरादवाल्यानं चष्मा कपाळावर नेला :
"सत्तावन्नचं सत्तर? भिंतच उरत नाही, भाऊ.
तुम्ही छिद्र नाही, विहीर मागता."
तरी लायनर मिळवला त्यानं कुठूनतरी,
जिनिंगचं काम बाजूला सारून चार दिवस लावले
आणि पैसे घेतले दोन दिवसांचे.

पोरीच्या कंपासपेटीतला कोनमापक क्रँकला चिकटवला.
(भूमितीच्या पेपरला तिनं शेजारणीचा मागितला.)
खिडकी किती अंशांवर उघडते, किती अंशांवर मिटते,
वहीत लिहीत गेलो, खोडत गेलो.
कानशीनं केसभर काढायचं, फुंकायचं,
बोट आत घालून फिरवायचं.
बोटाला कळतं.
केसभर जास्त गेलं की परत घालता येत नाही.

पहिल्यांदा आर्वी रस्त्याला, कॅनॉलच्या पुलाआधी,
मागचं चाक जागीच थांबलं.
जाम.
कोपरात मुरूम रुतला, अजून एक खडा आत आहे.
प्लग काढला तर चुन्यासारखा पांढरा.
उपाशी होती. मी उपाशी पळवत होतो.

टपरीवर गुलाबराव तायडे म्हणाले,
"कायले पायजे इतला जोर?
रस्ता सहा किलोमीटर, त्यात दोन नुसते खड्डे."
मी चहा संपवला.

मग जेट वाढवला, पिस्टन पुन्हा घासला,
लिटरला तीस मिली ऑइल, दवाखान्याच्या सिरिंजनं.
राहिला सायलेन्सर.
तेच कोणाला समजावता येत नाही :
धूर निघून जातो, पण त्याचा धक्का
शंकूच्या टोकाला आपटून मागं फिरतो
आणि निसटून चाललेलं पेट्रोल
दार मिटायच्या आत घरात लोटतो.
त्यासाठी शंकू हवेत सहा, सपाट पत्र्यातून.
दोन पत्रे वाया गेले. तिसऱ्याला मी हातोडी फेकली.

वनमाला मशीनवरून उठली.
"काहून तरास करून रायला? ह्या तं कळ्या हायेत.
कळीचा परकर शिवत नाई का मी?
कंबर सांग, घेर सांग, उंची सांग."
वर्तमानपत्रावर तिचा निळा खडू फिरला,
भाव-फलक, निधन-वार्ता, सगळ्यावरून गोल.
सहा कळ्या. कडेनं अर्धं बोट जास्त.
"वेल्डिंगला शिवण लागत नाही," मी म्हटलं.
"मंग काप," ती म्हणाली.

परवा दिवेलागणीला तिला मागं बसवलं.
दोनशे तेवीस सीसी. तिसऱ्या गिअरला आधी काहीच नाही,
नुसती गुरगुर, खाकरणं,
तुरीची धसकटं एकेक मोजता येतील असा वेग.
मग एका जागी आतून काहीतरी मोकळं झालं,
हँडल हलकं झालं,
आणि माझा शर्ट मुठीत धरून ती कानाशी ओरडली,
वाऱ्यात एवढंच ऐकू आलं :
"फुलला!"

परतताना फेऱ्या सोसल्या नाहीत म्हणून बल्ब उडाला.
मग सहा किलोमीटर, दुसऱ्या गिअरात,
माझ्या खांद्यावरून टॉर्च धरून
ती खड्डे सांगत राहिली.