चौदा नंबर

वेर्ण्याच्या पठारावर, तीन नंबर शेडच्या मागच्या खोलीत
वीस तारा टांगल्या आहेत. तार म्हणायची सवय;
काच आहे, केसाहून थोडी जाड,
वर प्लास्टिकचा पातळ झगा.
प्रत्येकीच्या टोकाला वजन, डोक्यावर घड्याळ.
तार तुटली की घड्याळ थांबतं.
मी वाचते आणि लिहिते.

रॅक लावलं आग्नेल बार्रेटोनं, राय गावचा.
म्हणायचा, उघड्या काचेला बोट लावलंस
की तिचं वय लिहिलंस.
त्यानंच शिकवलं, की कोटिंग पाणी अडवत नाही.
ओरखडा अडवतं, धूळ, नख.
पाणी आत जातंच. इथे तर सकाळी
वहीचं पानसुद्धा ओलसर, डब्यातल्या मिठाचा खडा झालेला.
आत गेलेला एक रेणू
जन्मापासूनच्या चिरेच्या टोकाशी थांबतो,
ताणलेला एक बंध उघडतो.
मग पुढचा.
बाहेरून काच स्वच्छ.
भिंग लावलं तरी स्वच्छ.

मार्चमधल्या एका मंगळवारी आग्नेल आला नाही.
गुरुवारी फिलूचा फोन:
खाटेवर बसलाय. बूट घातलेत. उठत नाही.
कँटीनमध्ये सगळे विचारत होते, सोमवारी काय झालं?
साहेब बोलले का? घरी काही?
मी सोमवारचं पान काढलं.
तापमान तेवीस. आर्द्रता साठ. भार तोच.
खाली त्याचं तिरपं अक्षर: नवीन काही नाही.

भिंतीवर त्याचाच आलेख आहे, पेन्सिलचा.
दहातला एक भाग वजन काढून घेतलं
तर तार आठपट टिकते.
दहातला एक.
माझ्या मुलाची दहावी होती तेव्हा
माझ्या अकरा रात्रपाळ्या त्यानं केल्या.
मी मोजल्या नव्हत्या. आत्ता हजेरीत मोजल्या.

रविवारी रायला जाईन. मडगावहून बस आहे.
काय बोलायचं ते ठरलेलं नाही.

चौदा नंबर त्यानं पहिल्या दिवशी लावलेली,
सहा वर्षं, चार महिने.
काल रात्री पंखा बंद करून तिच्यापाशी उभी राहिले.
काही ऐकू येत नाही.
वहीत लिहिलं: चौदा, शाबूत.
मग ते खोडलं.
चौदा, तुटलेली नाही.