चाळीस शब्द कमी

आठ वर्षं, दर गुरुवारी, सहाशे शब्द
मी या राष्ट्राध्यक्षांविरुद्ध लिहिले.
कर्जावर लिहिलं, करांवर लिहिलं,
माझ्या गोठ्यामागच्या डबक्यालाही
वॉशिंग्टनचा शिक्का लागतो, त्यावर तर तीनदा.
त्यातला एकही शब्द मागे घेत नाही.

आता ते चाललेत. नेब्रास्कात मका वाळलाय,
अंगणा-अंगणात पाट्या उगवल्यात,
आणि आमच्याच पक्षाचा कोल्टन, वय चोवीस,
दाराशी उभा राहून म्हणतो,
"मिसेस व्होल्बर्ग, यंदा सगळं मोडून काढू या."
सगळं म्हणजे काय रे, विचारलं,
तर त्याने पत्रक पुढे केलं.
त्यात उद्गारचिन्हंच फार.

माझे वडील मतपेटीची किल्ली
गळ्यात घालून जेवायला बसायचे.
त्यांचा माणूस चार मतांनी पडला, त्या वर्षी
पुन्हा मोजली. चारच.
मग कोर्टाच्या पायरीवर टोपी काढून
विजेत्याचं नाव त्यांनीच वाचलं,
आणि घरी येऊन आठवडाभर
कुणाशी बोलले नाहीत.

जपायचं म्हणते मी, ते हे.
कोल्टनच्या पत्रकात ते मावत नाही.
जाणाऱ्यांच्या भाषणांतही
कधी मावलं नव्हतं.

संपादक मर्लचा फोन:
"लेख चाळीस शब्दांनी कमी भरतोय.
जाता जाता एक टोला हाणा की!"

म्हटलं, राहू दे.
तिथे लूथरन चर्चच्या सूपची जाहिरात टाक.
शनिवारी, साडेपाचला.
वाडगा आपापला आणावा.