डावं वळण

वनखात्याच्या लिलावात घेतलेली,
चारी चाकांनी चिखल ओढणारी ही गाडी
पोवई नाक्यावर शहाण्यासारखी वागते,
एका बोटानं वळते.
यवतेश्वरच्या घाटात मात्र कधीतरी
हातातलं चाक दगड होतं,
दोन श्वास दगडच राहतं,
आणि मग सैल.
जसं काही मलाच भास झाला.

दस्तगीर मुलाणी, गोडोली, पत्र्याची शेड.
तीनदा नेली त्याच्याकडे,
तिन्ही वेळा तिनं गपगुमान वळून दाखवलं.
त्यानं अंगठ्यानं पट्टा दाबला:
अर्धा इंच. एवढा चालतो.
पुढची चाकं जॅकवर उचलून
या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली,
दांड्याचा सांधा हलवला, पंपाला
लांब पेचकस टेकवून मूठ कानाला लावली.
डबीत काडी बुडवली.
तेल खुणेच्या जरा खाली.
भरलं. पंधरा दिवसांनी पुन्हा खाली.
मग रात्रभर खाली पुठ्ठा अंथरून ठेवला,
सकाळी पुठ्ठा कोरा.
"गळत न्हाई म्हणावं, तर मग जातंय कुटं?"

मी गुरांची डॉक्टर.
दावणीला धडधाकट उभी असलेली म्हैस
चढाला लंगडते, आणि मालक शपथा घेतो,
तुम्ही आला की हिला काही होत नाही बघा.
अशा वेळी मी दावं सोडायला सांगते.
हे मी दस्तगीरला बोलले नाही.
तोच हात पुसत म्हणाला,
"म्याडम, घाटात चला. तितंच बोलंल ती."

पहाटे निघालो. मी चाकावर,
मागच्या सीटवर सोम्या, मांडीवर दगड धरून.
दस्तगीरच्या हातात खडू.
प्रत्येक वळणाला विचारायचा,
"हलकं? जड?"
आणि डॅशबोर्डवर रेघ ओढायचा,
हलक्याला उभी, जडाला आडवी.
वर पोहोचून मोजल्या:
आडव्या चार, चारी डाव्या.
गाडी फिरवून खाली आलो,
सगळ्या उभ्या.

पुन्हा वर. या खेपेला आडवी पडली तिथंच
वळणाच्या पोटात, चढावर, थांबवली.
सोम्यानं उडी मारून चाकाला दगड लावला.
बॉनेट उघडलं, डबीचं झाकण काढलं.
तेल एका कुशीला निजलेलं,
दुसऱ्या कुशीचं भोक उघडं,
भोवती फेस, दुभत्या चरवीतल्यासारखा.
"वारा प्येतोय पंप," तो म्हणाला,
आणि इतका खूश झाला
की तिथंच रस्त्यात बसून तंबाखू मळायला लागला.

पण तेल जात होतं कुठं, हे उरलंच होतं.
शेडमध्ये तो गाडीखाली सरकला.
उजव्या चाकाकडं जाणाऱ्या दांड्यावर
रबरी भाता असतो, चुण्याचुण्यांचा.
"हात घाला जरा इतं."
मी आडवी होऊन हात घातला
आणि लगेच ओळखलं.
तटतटलेली, जड, एका बाजूनं भरलेली कास.
कितीदा चेपल्यात अशा, अंधारीत, बामणोलीत.
त्यानं पट्टी कापली.
पेलाभर तेल आलं, एकदाच लाल असलेलं,
आता कोऱ्या चहासारखं.
आतलं सील गेलेलं. बाहेर थेंब नाही,
सगळं स्वतःच्याच अंगात साठवत होती बाई.

सील कोल्हापूरहून आलं, चौथ्या दिवशी.
त्याआधी जे आलं ते दुसऱ्याच गाडीचं होतं.
मजुरी त्यानं सांगितली, घाटाचे पैसे घेईना.
"त्यापेक्षा आमची शेळी बघा.
दोन दिस झालं, तोंड लावंना कशाला."

शेडमागं गेलो.
शेळी सुबाभळीचा डहाळा ओरबाडत होती,
आमच्याकडं बघत, सावकाश,
एक पान खाली न पाडता.
दस्तगीर कानाची पाळी चोळायला लागला.
"आत्तापतुर न्हवती खात. आईच्यान."

मी त्याच्याकडं खडू मागितला.