जाड साल

लोस्टॉफ्टच्या आमच्या गल्लीतून समुद्र दिसत नाही.
तो वाऱ्यात असतो,
वाळत घातलेल्या चादरींना खारट करून जातो.
अशा वाऱ्यात गुलाब टिकायचे नाहीत, असं सगळे म्हणत.
थर्केटलांच्या परसात नऊ टिकले होते.

मी शेजारी. मधे कमरेएवढी विटांची भिंत,
म्हणून मला ठाऊक, त्या नऊंना काय मिळायचं:
चहाची पिशवी फाडून फक्त आतला चोथा,
केळ्याची साल, कात्रीनं बोटभर कापलेली,
अंड्यांची टरफलं, ओव्हनच्या उरल्या उबेत वाळवून
लाटण्याखाली चुरलेली.
शनिवारी माशाचं डोकं, हातभर खोल,
नाहीतर मांजर.

ईनिड आत शिजवायची, रॉय बाहेर पुरायचा.
एकेचाळीस वर्षं त्यांचा संसार
एका निळ्या बादलीतून मागच्या दारानं ये-जा करत होता.
तो ट्रॉलरवरचा इंजिनवाला.
अंडं किती वेळ उकडतात,
हे विचारायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती.

फेब्रुवारीत ती गेली.
लोकांनी सूप आणलं, पुडिंग आणलं,
सगळं शिजलेलं, झाकण लावलेलं.
मग डब्यातले घेवडे. मग नुसता टोस्ट.
डब्यातल्या जेवणाला साल नसते.
बादली दाराशी कोरडी,
तिच्यात एक कोळी राहायला आला.

एप्रिलमध्ये पानं पिवळट निघाली.
मी म्हटलं, दुकानात खत मिळतं, मूठभर टाका.
तो म्हणाला, 'त्यांना तिच्या हातचं लागतं.'
आणि इतकं बोलून गेल्याबद्दल
स्वतःच ओशाळून आत गेला.
माझ्या घरचं देऊ का, हे ओठांवर आलं होतं.
गिळलं.

दुसऱ्या दिवशी, स्वयंपाकघराच्या खिडकीत
तो बटाटा धरून उभा.
इंजिनातला एखादा भाग हातात यावा
आणि कुठून निखळला ते कळू नये, तसा.
सोलला. म्हणजे तासला.
निम्मा बटाटा बादलीत,
उरला तो लिमलेटच्या गोळीएवढा.

मग गाजरं. मग कोबी, त्याचे बाहेरचे पापुद्रे.
अंडी तर रोज, टरफलांसाठी.
बादली भरावी म्हणून तो जेवू लागला.
एकदा भिंतीवरून करपल्याचा वास आला;
करपलेलं त्यानं मुकाट्यानं खाल्लं,
गुलाबांना दिलं नाही.

जूनमध्ये आठांना कळ्या आल्या.
नववा, भिंतीलगतचा, गेला. काहीच उपयोग झाला नाही त्याला.
पिवळ्याच्या बुडाशी मात्र भलतंच काही उगवलं,
गडद, केसाळ, फुगीर पानांचं.
तण दिसतंय, मी म्हटलं, उपटू का?
'बटाटा आहे तो,' रॉय म्हणाला.
'माझ्या सालीतला. डोळा राहिला असणार.'

ईनिडच्या हयातीत असं कधी झालं नव्हतं.
तिची साल इतकी पातळ की पलीकडचं दिसावं.
रुजण्याजोगं ती काही मागे ठेवत नसे.
त्यानं उपटला नाही.
पाणी घालताना दोघांना घालायचा,
गुलाबाला आधी.

जुलै सरताना गुडघे टेकून, फावड्याशिवाय,
गुलाबाची मुळं दुखवू नयेत म्हणून नुसत्या बोटांनी
त्यानं सात बटाटे काढले.
अंड्याएवढे. एक तर सुपारीएवढा.
तीन वर्तमानपत्रात गुंडाळून भिंतीवरून मला दिले.
'कोवळे आहेत, सोलू नका.'

दारापर्यंत गेला, परत आला.
'आणि सोललेत तर,' म्हणाला,
'साल इकडे टाका.'
आणि निळी बादली उचलून
भिंतीवर ठेवली, मधोमध.