तीन उजेड

हार्लन कोस्कीच्या दुकानात, काउंटरवर
तीन खोकी मांडलेली. बाहेर ऑक्टोबर संपत आलेला,
मेपलची झाडं रिकामी,
आणि सुपीरियर सरोवरावरून वारा असा,
की दार उघडलं की आधी तोच आत येतो,
मग गिऱ्हाईक.

हार्लन म्हणतो, सगळा प्रश्न उजेडाचा आहे, वेंडेल.
हा पांढरा. लख्ख चमकतो. रात्रीचा फोटोही रंगीत,
शिंगांची टोकं मोजून घे.
पण हरीण एकदा दचकलं,
की महिनाभर त्या वाटेला फिरकत नाही.
हा दुसरा मिणमिणता लाल,
विझत आलेल्या सिगारेटच्या थोटकाएवढा.
आणि हा काळा. म्हणजे उजेड आहे,
पण कुणालाच दिसत नाही.
हरणाला नाही, चोरालाही नाही.
चाळीस डॉलर जास्त.

मी बॅटऱ्यांचं विचारतो. लिथियमच्याच घे,
साध्या थंडीत नांगी टाकतात.
वेग विचारतो. पाव सेकंद.
तुझ्या जुन्याला दीड लागायचा ना?
म्हणजे हरीण गेल्यावर शेपटीचा फोटो.
खरं आहे. तीन वर्षं मी शेपट्याच जमवल्या.

मागच्या आठवड्यात मात्र कार्डावर शेपूट नव्हतं.
रात्रीचे तीन वाजून बारा मिनिटं,
अठ्ठावीस फॅरेनहाइट,
कोपऱ्यात चंद्राची छापील कोर,
आणि सफरचंदाच्या झाडाखाली माझा भाऊ.
झोपायची पट्ट्यापट्ट्यांची विजार,
वर बापाचा शिकारीचा नारिंगी कोट,
पायात बूट, नाड्या सुटलेल्या.
बंदूक नाही. हातात काहीच नाही.
दीड सेकंदाच्या कॅमेऱ्यातही पूर्ण मावला,
इतका स्थिर.
चार वाजता अजून तिथेच.

एमेरीशी मी सहा वर्षं बोललेलो नाही.
बापाची ऐंशी एकर, मध्ये तार,
झाड माझ्या बाजूला, चार पावलं आत.
खरं तर वाद तारेचा नव्हताच,
एका ट्रॅक्टरचा होता, तो आता चालतही नाही.
त्याची बायको उन्हाळ्यात ड्युलुथला गेली, बहिणीकडे,
असं पोस्टातली मुलगी म्हणाली.
परत आली का, ते मी विचारलं नाही.

यातलं काहीच हार्लनला सांगत नाही.
तो विचारतो, आठ टोकांचाच ना तो? ओढ्याकडचा?
हो, मी म्हणतो. मोठा आहे. सावध आहे.
मग काळाच घे. त्याला पत्ताच लागणार नाही.

पत्ताच लागणार नाही.
मी ते खोकं उचलतो. हलकं आहे.
आपल्या घरातला दिवा मालवून खिडकीशी उभं राहावं
आणि समोरच्या घरातलं सगळं दिसावं,
तसं काहीतरी.
खाली ठेवतो.
पांढरा? भर रात्री तोंडावर वीज.
तो पुन्हा येणार नाही,
आणि सहाची सोळा वर्षं होतील.

लाल दिसतो का रे, मी विचारतो, माणसाला?
माणसाला?
सरळ त्याच्याकडे बघितलं तर, हार्लन म्हणतो. नाहीतर नाही.
हरणं हल्ली बघतात. काही पळतात,
काही थबकून बघतच राहतात.

मधला दे.
आठ बॅटऱ्या, एक पट्टा, एक कार्ड. एकशे चौदा डॉलर.
पावती पिशवीत टाकता टाकता तो सवयीने सांगतो,
तोंड उत्तरेला कर, नाहीतर सूर्य भिंगात येतो.
पुढच्या फांद्या छाट.
आणि उंची हरणाच्या छातीएवढी,
तीन फूट, जास्त नको.

संध्याकाळी मी बुंध्याला पट्टा आवळला.
आधी तीन फुटांवर.
मग सोडला, आणि माझ्या डोळ्यांच्या रेषेत बांधला.
एमेरी माझ्यापेक्षा दोन बोटं उंच.
थोडा अजून वर सरकवला.