शेरा

नोंदवहीत चार रकाने: नाव, गाव, वेळ, शेरा.
शेऱ्यात लोक 'छान' लिहितात.
एकानं 'पंखा बंद' लिहिलं होतं. ते खरं होतं.

मी इथला राखणदार, रोजंदारीवर, बावीस वर्षं.
दोन खोल्या. आधी ही नाक्याची कचेरी होती,
पावती द्यायची फट अजून भिंतीत आहे.
तिच्यातून दुपारी चारला उन्हाची पट्टी आत येते
आणि शीर नसलेल्या विष्णूच्या खांद्यावर बसते.
डोकं कुठं हाय, पोट्टे विचारतात.
मी सांगतो, नागपूरले गेलं.
ताम्रपट पण नागपूरलेच गेला, इथं त्याची झेरॉक्स.
जे धड होतं ते नागपूरचं,
फुटलेलं टेकेपारचं.

अंगणात गोंड राजाच्या किल्ल्यावरची तोफ.
तिच्यावर शेळ्या बसतात.
मे महिन्यात हात लावून पाहा, चटका बसतो,
तेवढाच तिचा मारा उरला आहे.

मोहाचा वास सुटला होता तेव्हा
रहांगडाले कंपाउंडरची प्रणोती परत आली.
युक्रेनला डॉक्टरकी शिकत होती, चौथं वर्ष,
मधेच लढाई लागली.
जाताना गावभर पेढे वाटले होते,
आता लोक तिच्याशी हळू आवाजात बोलत,
मयतीच्या घरी बोलतात तसं:
पुढं काय मग, बाई?
म्हणून ती इथं येऊन बसायची.
इथल्या वस्तूंचं पुढं काय ते कधीच होऊन गेलंय.

ती तिथल्या गावाचं सांगायची.
नदीच्या कड्यावर किल्ला,
कांद्यासारखे घुमट, सोन्याचा मुलामा दिलेले,
आणि एका औषधवाल्याचं शंभर-दीडशे वर्षांचं दुकान,
तेच म्युझियम केलेलं.
तराजू, खल, बरण्याच बरण्या.
राखायला ओल्हा नावाची बाई, दोन स्वेटर घातलेली,
येईल त्याच्या बुटांवर नमद्याच्या सपाता चढवायला लावी,
फरशीला ओरखडा नको.
मी म्हटलं, आमचे लोक पायरीवरच चपला काढतात,
देवळावानी. सांगा लागत नाही.
ती हसली. बऱ्याच दिवसांनी असावं.

निघायच्या सकाळी बस यायला तासभर होता.
तेवढ्या वेळात तिनं ओल्हाबाईसोबत
बरण्या तळघरात नेल्या,
एकेक बरणी रजईत गुंडाळून, बाळंतिणीच्या खोलीतून
लेकरू आणावं तशी.
चौकातल्या पुतळ्यांना वाळूची पोती बांधली होती,
फक्त नाकं दिसत होती.

'मंग लेबलं?' मी विचारलं.
'लेबलं तिथंच ठेवली, काका.
रिकाम्या फळीवर, जागच्या जागी.'

त्या रात्री मला झोप नाही.
आपल्यावर पाळी आली तर काय उचलशील, बावा?
विष्णूला आणायलाच अकरा माणसं अन् ट्रॅक्टर लागला होता.
तोफ शेळ्यांची.
झेरॉक्स तर झेरॉक्सच.

सकाळी मी कपाटाची किल्ली काढली.
शिवाराबाहेर दगडांची वर्तुळं आहेत ना,
तिथं निघालेल्या मडक्याचा काठ, तळहाताएवढा.
आतल्या अंगाला अंगठा उमटलेला,
माती ओली असतानाचा.
कोणी नसलं की मी माझा अंगठा त्यात ठेवून पाहायचो,
मावत नाही. हे कोणाला सांगितलं नव्हतं.
प्रणोतीनं ठेवून पाहिला. तिचाही जरा मोठाच.
तिनं तुकडा फटीतल्या उन्हात धरला,
पेशंटची जीभ पाहावी तसा पाहिला.
'दहा-अकरा वर्षांचं लेकरू असंल,' म्हणाली,
'आणि अंगठ्याला चीर पडलेली आहे.
कामाची घाई होती त्याला.'

जूनमध्ये तिला दुसऱ्या देशात कुठं तरी जागा मिळाली.
जाताना वहीत सही करून गेली.
नाव मराठीत, गाव टेकेपार,
शेरा त्या लोकांच्या अक्षरात, दीड ओळ.

दिवाळीनंतर तपासणीचे साहेब आले.
चष्मा वर करून विचारलं, हे काय लिहिलंय?
मी म्हणालो, साहेब,
पंखा बंद हाय.